वाढत्या मापाची चाकं

लताबाई घाडींनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला, नखाने खरवडून पाहिला, नाकाशी धरून हुंगला. चावून तेवढा पाहायचा राहिला.

"ह्याला टायर म्हणतोस?" त्या दुकानदार देवेशला म्हणाल्या. "ही बांगडी आहे. चुडा भरायचाय का गाडीला?"

"काकी, स्पोर्ट्स कारला असेच असतात. बारीक."

"बारीक म्हणजे उपाशी. दुसरा दाखव."

रविवारची सकाळ होती. घाटकोपरला हायवेच्या कडेला, देवेशच्या दुकानासमोर हर्षदची गाडी चार जॅकवर उभी होती. लाल भडक, दोन दारांची, दोनच सीटची. मढच्या एका बंगल्यात शूटिंगसाठी आणलेली ही गाडी. हिरो तिच्या बॉनेटवर बसून रडायचा. शूटिंग संपलं, हिरोचे डोळे पुसून झाले आणि गाडी तिथेच खाऱ्या वाऱ्यात पडून राहिली. टायर तडकले, रिमा गंजल्या, इंजिन मात्र ठणठणीत. हर्षदने ती पाहिली आणि त्या दिवशी जेवायचं विसरला. नोकरी लागल्यापासून साठवलेलं सगळं त्याने तिच्यात ओतलं. चाकांची वेळ आली तेव्हा खिशात फक्त रुमाल उरला होता.

म्हणून चाकं आई घेऊन देणार होती. लताबाई विक्रोळीला घरबसल्या मालवणी मसाला आणि वड्यांचं पीठ विकायच्या. त्यांचा मसाला जास्त झणझणीत की जीभ, ह्यावर चाळीत दोन पक्ष होते. ज्याचा पैसा त्याची पसंती, हा घाड्यांच्या घरचा कायदा. तो लताबाईंनीच केला होता.

आणि चाकं आजच्या आज बसायला हवी होती. अकरा वाजता मुलुंडला दत्ताराम पालवांच्या घरी बैठक होती. पालवांची रश्मी हर्षदच्या ऑफिसातली. दोघांचं आपापसात कधीच जमलं होतं. आता मोठ्यांनी पाटावर बसून 'आम्हीच जमवलं' असं म्हणायचं तेवढं बाकी होतं. अडचण एकच, दत्ताराम. शाळेत शिपाई म्हणून जन्म घालवलेला माणूस. त्यांच्या घंटेवर अख्खी गल्ली कुकर चढवायची. रश्मीला बघायला आलेली मागची मंडळी उशिरा उगवली, तेव्हा दत्तारामांनी त्यांना जिन्यातच पाणी पाजून परत पाठवलं होतं. "ज्यांना घड्याळ कळत नाही, त्यांच्या घरात माझी पोरगी वेळेवर जेवणार नाही," एवढंच म्हणाले. हे ऐकल्यापासून हर्षदला झोपेतसुद्धा मनगट बघायची सवय लागली होती.

गाडीत दोनच सीट. त्यामुळे लताबाईंनी नवऱ्याला, सीतारामभाऊंना, सकाळीच मालवणी खाज्याची पिशवी हातात देऊन बसने पुढे पाठवलं होतं. स्वतः त्या पैठणी नेसून, नथ घालून टायरच्या दुकानात उभ्या होत्या. पंक्चर काढायला आलेला एक रिक्षावाला त्यांना बघून विनाकारण नमस्कार करून गेला.

"काकी, मी सांगतो," प्रबुद्ध पुढे झाला. हा हर्षदचा शाळेपासूनचा मित्र, शेजारच्या चाळीतला. ह्याच्याकडे स्वतःची स्कूटर होती आणि जगातल्या सगळ्या गाड्यांची माहिती. "कंपनीची रिम सतरा इंची. हर्षदला अठरा पाहिजे. घेऊ दे. पण रिम मोठी झाली की टायर बारीक घ्यायचा, म्हणजे बाहेरून चाकाचा घेर होता तेवढाच राहतो. साधा हिशोब आहे."

"म्हणजे टोप मोठा घ्यायचा आणि आमटी कमी करायची?"

"आमटी नाही हो, काकी..."

"मग सतराच ठेवा," देवेश म्हणाला. "टायर जाडजूड येतो. खड्डा आला तरी कंबर सलामत."

"सतरा नको गं आई!" हर्षद जवळजवळ रडकुंडीला आला. "सतरा म्हणजे काका लोकांची गाडी वाटते. अठराचा फोटो मी रश्मीला पाठवला, ती काय म्हणाली माहितीये? झकास!"

"ती तुला पण झकास म्हणते. तिच्या नजरेवर जाऊ नको."

देवेशने नमुन्यासाठी एका बाजूला सतराचं जाड चाक लावून दाखवलं. लताबाईंनी पदर खोचला, खाली वाकल्या आणि चाक आणि वरची पत्र्याची कमान ह्यांच्यात हात घातला. चारही बोटं आत गेली.

"हे काय? एवढी जागा रिकामी?"

"ती लागते, काकी."

"कुणाला लागते? ह्यात उंदराचं बिऱ्हाड राहील!"

इथे लताबाईंची एक गोष्ट सांगायला हवी. घरात आलेली कुठलीही वस्तू त्यांनी कधी मापाची घेतली नव्हती. हर्षदच्या पहिलीच्या शर्टात तो चौथीत मावला. त्याचे बूट दर जूनमध्ये एक नंबर मोठे यायचे, पुढे कापूस ठासून. कापूस काढायची वेळ यायची तेव्हा बूट फाटलेले असायचे. कुकर घेतला तो दहा माणसांचा, घरात माणसं तीन. दुकानदार "मापात बसलं" म्हणाला की लताबाईंना वाटायचं, ह्याने आपल्याला कापड कमी दिलं.

"काकी, गाडी वाढत नाही," प्रबुद्ध हळूच म्हणाला.

"तूही वाढशील असं कुणाला वाटलं नव्हतं. स्टुलावर चढून माझ्या डब्यातले लाडू चोरायचास, मेल्या." लताबाई देवेशकडे वळल्या. "तुम्हा दोघांचंही ऐकते. रिम ह्याची, अठरा. टायर तुझा, जाड. भर ती जागा."

"काकी, तसा टायर आहे, पण तो जीपला जातो. चाक वळलं की घासणार."

"नवी चप्पल चावत नाही? चार दिवस घातली की होते सैल."

"काकी, चप्पल चामड्याची असते..."

"आणि हे रबराचं. चामड्यापेक्षा मऊ. लाव!"

देवेशने हर्षदकडे पाहिलं. हर्षदने मनगटाकडे पाहिलं. प्रबुद्धने आभाळाकडे पाहिलं. आणि चाकं लागली.

खरं सांगायचं तर गाडी दिसायला लागली अशी, की वाद घालणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटली. जॅकवरून खाली उतरली ती छाती काढूनच. काळीभोर, गलेलठ्ठ चाकं, मधे चंदेरी रिमांची फुलं. सर्व्हिस रोडवर दोन बाइकवाले थांबले. देवेशने स्वतः मोबाइल काढून फोटो घेतला आणि मग "मी सांगितलेलं नाही हां हे" असं स्वतःशीच पुटपुटला.

"बघ!" लताबाई म्हणाल्या. "आता कशी खात्यापित्या घरची वाटते!"

आत बसणं हा वेगळा सोहळा होता. सीट इतकी खाली, की लताबाई पैठणीसकट घमेल्यात पडल्यासारख्या बसल्या आणि त्यांना समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं. हर्षदने इंजिन चालू केलं. गाडी अशी गरजली की दुकानाच्या पत्र्यावरची कबुतरं उडून गेली. लताबाईंच्या नथीतला मोती थरथरला.

"आई, भीती वाटते?"

"हाण!" लताबाई म्हणाल्या.

हायवे सरळ होता, मोकळा होता आणि गाडी त्यावर पाण्यासारखी धावत होती. विक्रोळी आली नि गेली. चाळीच्या दिशेला कुणीतरी ओळखीचं दिसेल म्हणून लताबाई हात हलवत राहिल्या. ओळखीचं कुणी नव्हतं, पण शेजारून चाललेल्या कंपनीच्या बसमधल्या अनोळखी लोकांनी उलट हात हलवले. कांजूरमार्गला कचऱ्याचा वास यायच्या आत कांजूरमार्ग मागे पडलं. मागे प्रबुद्ध स्कूटरला जीव तोडून पळवत होता. हर्षद ओरडला, "आई, उडतेय गं ही!" लताबाईही ओरडल्या, "उडू दे! मी पैसे चालायचे दिलेले नाहीत!"

भांडुपला हर्षदने ट्रकला चुकवायला स्टिअरिंग जरासं फिरवलं, तेव्हा खालून आवाज आला. खर्रर्र.

"हे काय वाजलं?"

"चप्पल चावली," हर्षद म्हणाला, पण त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

मुलुंड आलं. पालवांच्या घराकडे जाणारं डावीकडचं वळण दिसलं. हर्षदने वेग कमी केला, दिवा लावला, स्टिअरिंग वळवलं. खर्रर्रर्र! जणू कुणी पाट्यावर लोखंड वाटत होतं. गाडी अर्धवट वळून थांबल्यासारखी झाली, करपल्या रबराचा वास आला, मागे भोंग्यांचा गजर उठला. हर्षदने घाबरून स्टिअरिंग सरळ केलं आणि गाडी वळण सोडून गुमान पुढे निघून गेली.

"अरे, ते घर राहिलं ना तिकडे!"

"वळत नाहीये, आई!"

"पुढच्याने वळ."

पुढच्याने तर दोन फुटांतच धूर निघाला.

"मग त्या पुलाखालून फिरव मागे."

"आई, ते अख्खं गोल फिरायचं असतं. ही पाव पण फिरत नाहीये!"

लताबाई थोडा वेळ आभाळाकडे बघत बसल्या. दुसरं काही दिसतच नव्हतं. "मग आता कुठे जातेय ही?"

"सरळ."

"सरळ काय आहे?"

"ठाणे."

"मग?"

"मग... नाशिक."

"थांबव!" लताबाई कडाडल्या. "पोरगी मागायला निघालेली माणसं गोदावरीत बुडी मारून येतील!"

मुलुंडच्या नाक्याच्या अलीकडे, मुंबईची हद्द संपते तिथे, हर्षदने गाडी कडेला घेतली. कडेला घेण्यापुरतीही ती कुरकुरली. अकराला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात धापा टाकत प्रबुद्धची स्कूटर आली.

"काकी, बसा मागे. पाच मिनिटांत सोडतो. मग हर्षदला न्यायला येतो."

"पैठणी नेसून स्कूटरवर? काल मी फोनवर रश्मीच्या आईला काय सांगितलंय ठाऊक आहे? लाल गाडीतून येते, गेट मोकळं ठेवा. त्यांची अख्खी सोसायटी गॅलरीत उभी असेल. आणि मी येऊ तुझ्या पाठीला धरून?"

"मग सांगा ना, गाडी बंद पडली."

"मी घेतलेली चाकं बंद पडली म्हणून मीच सांगू?"

"आई!" हर्षद म्हणाला. त्याचा आवाज असा आला की लताबाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "आई, मी धावत जातो. गाडी राहू दे, चाकं राहू दे. ते जिन्यातून परत पाठवतील गं. आणि रश्मी बापाच्या शब्दाबाहेर जाणार नाही. मला माहितीये ती. गेली ती हातातली."

लताबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग कडेच्या हद्दीच्या पाटीकडे पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं तेज चढलं, की प्रबुद्ध दोन पावलं मागे सरकला. त्यांनी पर्समधून फोन काढला.

"पालवभाऊ? मी लता घाडी. आम्ही वेळेवर पोचलो. ... नाही, घरी नाही, सीमेवर. मुलुंडच्या नाक्याला. ... अहो, आमच्या घाड्यांच्यात वराकडची माणसं थेट उंबरठ्यावर येत नाहीत. सीमेवर थांबतात. मुलीकडच्यांनी सामोरं यायचं, नारळ द्यायचा, मग पुढे. सीमांतपूजन! ... हो, लाल गाडी. लगेच दिसेल."

हर्षदने डोकं धरलं. "आई, सीमांतपूजन लग्नाच्या आदल्या दिवशी असतं! इथे लग्न ठरलेलंच नाही!"

"मग ते ठरवायलाच बोलावलंय ना."

"काय म्हणाले ते?"

"'थांबा तिथेच, येतो' म्हणाले."

"ओरडून?"

"माणूस आनंदात असला की कमी बोलतो," लताबाई म्हणाल्या, पण पदराने कपाळ पुसून घेतलं.

प्रबुद्धने बाजूला जाऊन देवेशला फोन लावला. देवेश म्हणाला, बारीक टायर टेम्पोत टाकून निघतो. लताबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "येऊ दे त्याला. गाडी बघावीशी वाटली असेल."

एव्हाना गाडीभोवती घोळका जमला. कुणी बॉनेटला टेकून फोटो काढत होतं, कुणी चाकावर हात फिरवून "जीपचं वाटतंय" म्हणत होतं. त्यातून वाट काढत वाहतूक पोलीस आला.

"चला, गाडी काढा. इथे उभी करायची नाही."

"काढते हो, भाऊ. पूजा होऊ दे."

"कसली पूजा?"

"सीमांतपूजन. मुलीकडचे येतायत."

पोलिसाने इकडे तिकडे पाहिलं. "नवरदेव कुठाय?"

"तो काय, गाडीखाली."

चाक कुठे घासतंय ते बघायला आत शिरलेला हर्षद बाहेर आला. एका गालावर काळं ग्रीस, नव्या शर्टावर टायरची नक्षी. पोलिसाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पावतीपुस्तक परत खिशात ठेवलं. "उरका लवकर," तो म्हणाला आणि स्वतःही थांबला.

दोन रिक्षा आल्या. पहिलीतून दत्ताराम पालव उतरले. पांढरा सदरा, हातात नारळ, चेहरा शाळेच्या भिंतीसारखा. मागून रश्मी आणि तिची आई. हर्षदने गाल पुसायला हात उचलला आणि ग्रीस दुसऱ्या गालालाही लावून घेतलं. दुसऱ्या रिक्षातून उतरले सीतारामभाऊ. कपाळाला कुंकू, खांद्यावर शाल, तोंडात पेढा.

लताबाईंनी नवऱ्याकडे बघायचं टाळलं. मान ताठ करून त्या पुढे झाल्या. "पालवभाऊ, आमच्याकडची रीतच अशी, की..."

"रीत राहू द्या, वहिनी," दत्ताराम म्हणाले आणि नारळ त्यांच्या हातात दिला. "ठरलं."

"काय ठरलं?"

"सगळं! सीतारामभाऊ अकराच्या अर्धा तास आधी दारात. मी घड्याळ बघून चाटच पडलो. म्हटलं, वहिनी येईपर्यंत बोलू तर या. आणि काय सांगू, असा समजूतदार माणूस मी जन्मात बघितला नाही. मी म्हटलं, लग्न रजिस्टर करू. ते हो म्हणाले. म्हटलं, हॉल नको, बँड नको, घरची माणसं जेवायला बस्स. तेही हो. म्हटलं, पोरांना पहिल्यापासून वेगळी खोली बघू, कांजूरला एक आहे माझ्या नजरेत. त्यालाही हो! एक शब्द वाकडा नाही. वीस मिनिटांत पेढा वाटून मोकळे."

लताबाईंच्या हातातला नारळ जड झाला. गेले दोन महिने त्या मनात हॉल सजवत होत्या. बँड ठरला होता, पंगतीत वडे-सागोती होती, आणि सून येणार म्हणून पोटमाळ्यावरचा तो दहा माणसांचा कुकर त्यांनी घासून ठेवला होता. त्या सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, तुम्ही काय बोललात ह्यांच्याशी?"

सीतारामभाऊंनी पेढा गिळला. "मी खय काय बोललंय?" ते निरागसपणे म्हणाले. "सकाळी बसमध्ये चढवताना तूच बजावलंस ना, मी येईपर्यंत तोंड उघडू नका, कोण काय म्हणाला तर नुसती मान हलवा. ते म्हणत गेले, मी हलवत गेलंय."

प्रबुद्ध स्कूटरच्या मागे बसकण मारून हसायला लागला. रश्मीच्या आईने तोंडावर पदर घेतला. दत्तारामांच्या भुवया एकदा वर गेल्या, एकदा खाली आल्या. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "हे सगळं घाड्यांच्या घरात मान्य नाही की काय?"

हायवेवरून गाड्या जात होत्या, पण त्या घोळक्यात कुणी श्वास घेईना. हर्षद दोन्ही गाल काळे घेऊन आईकडे बघत होता. रश्मी हर्षदकडे बघत होती आणि तिच्या ओठांवर ना हसू होतं ना रडू, दोन्ही दाराशी येऊन थांबलेलं. पोलीससुद्धा शिट्टी हातात धरून लताबाईंच्या तोंडाकडे बघत होता.

लताबाईंनी नथ सावरली. नारळ काखेत घेतला, पुढे होऊन नवऱ्याच्या हातातल्या पिशवीतलं खाजं काढलं आणि पहिलं रश्मीच्या हातावर ठेवलं, दुसरं दत्तारामांच्या.

"मान्य नाही कशाला?" त्या ठसक्यात म्हणाल्या. "मुद्दामच ह्यांना पुढे पाठवलेलं. आमचे हे बोलतात कमी, पण एकदा बैठकीला बसले की सगळं ठरवूनच उठतात. ह्यांच्यापुढे माझं काय चालतंय!"

सगळे सीतारामभाऊंकडे बघायला लागले.

सीतारामभाऊंनी मान हलवली.